शिकवणीचा व्हिडिओ आणि शिक्षकाचा शेरा

(प्रस्तावना)

नागपुरातील काही शिक्षकांनी आपापल्या वर्गांतील अनुभव एकत्र करून लिहिलेल्या ज्या पुस्तिकेस ही प्रस्तावना जोडावयाची आहे, तिचा विषय प्रथमदर्शनी अगदी मर्यादित वाटण्याचा संभव आहे. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याने एखादा प्रश्न सोडविला, तर त्याच्या उत्तरावर कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत काय सांगावे, आणि तसे सांगितल्याने त्याच्या शिकण्यात कोणता फरक पडतो, एवढाच काय तो प्रश्न. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या मुलांच्या अभ्यासाचा केवढा मोठा भाग फळ्यावरून उठून हातातील पडद्यावर येऊन बसला आहे हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा प्रश्न मर्यादित वाटणार नाही. उलट, शिक्षणखात्याच्या परिपत्रकांत आणि खासगी शिकवण्यांच्या जाहिरातींत व्हिडिओंच्या संख्येचा जो गजर अष्टौप्रहर चाललेला असतो, त्यात हा प्रश्न इतका काळ कोणास ऐकू कसा आला नाही, याचेच त्याला नवल वाटेल.

सीताबर्डीत राहणाऱ्या मनुष्यास शिक्षणाची स्थित्यंतरे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस यांच्या नावाने १८८५ साली निघालेले मॉरिस कॉलेज येथलेच. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन होण्यापूर्वी प्रांतातील कित्येक पिढ्यांनी उच्च शिक्षणाचा श्रीगणेशा ज्या मोजक्या ठिकाणी केला, त्यांत त्याची गणना होते. विदर्भ साहित्य संघाची वास्तू याच परिसरात आहे. आणि आता मेट्रोच्या दोन मार्गांचा संगम जेथे होतो त्या स्थानकातून बाहेर पडून मोदी नंबर दोन आणि तीनच्या गल्ल्यांकडे वळले, की मोबाइलच्या दुकानांची जी रांग लागते, ती देखील आजच्या विद्यार्जनाचीच एक पायरी समजावी लागते. दहावीत गेलेल्या मुलीसाठी फोन घ्यावयास आलेला बाप तेथे कॅमेऱ्याची चौकशी करीत नाही, "अभ्यासाचे व्हिडिओ अटकत तर नाहीत ना भाऊ?" एवढेच तो विचारतो, आणि दुकानदार "एकदम मक्खन चालते, काका" असे सांगून त्याच्या हातात पिशवी देतो. व्हिडिओ चालतो, याविषयी वाद नाही. तो चालून गेल्यानंतर मुलीच्या वहीत काय उतरले, याची हमी मात्र दुकानदाराने द्यावी अशी अपेक्षाच नसते. खंत इतकीच, की ज्यांनी ती द्यावयाची त्यांनीही ती दिलेली नाही.

समोरासमोर शिकविणाऱ्या शिक्षकास एक लाभ न मागता मिळत असतो, व तो इतका अंगवळणी पडलेला असतो की त्याची किंमत त्याच्या अभावातच कळते. "समजलं का?" असे त्याने विचारले म्हणजे सारा वर्ग "होऽऽ" असे एकसुरात म्हणतो, आणि कसलेला शिक्षक त्या एकमुखी ग्वाहीवर काडीचाही विश्वास ठेवीत नाही. त्याची नजर शेवटच्या बाकावरील पेन्सिल चावणाऱ्या मुलाकडे गेलेली असते. तो त्या मुलास फळ्याशी बोलावतो, त्याच्या हातून होणारी चूक सर्वांसमक्ष होऊ देतो, आणि मग ज्या जागी पाऊल चुकले त्या जागेपासून पुन्हा सांगू लागतो. या देवघेवीत शिक्षकाला मुलाची खबर लागते आणि मुलाला स्वतःची. ध्वनिचित्रमुद्रित पाठात या दोन्ही खबरा बंद होतात. पडद्यावरील शिक्षक "समजलं ना? चला, पुढे जाऊ" असे म्हणतो, आणि मूल तिकडे काहीही म्हणो, तो पुढे जातोच.

शिवाय व्हिडिओच्या स्वभावातच एक मोहिनी आहे, आणि तिचा बंदोबस्त केल्याखेरीज शेऱ्याचे महत्त्व कळणार नाही. चांगला व्हिडिओ पाहताना सारे सुगम वाटते. त्या सुगमतेला मूल स्वतःचे ज्ञान समजते. शिकागो येथील मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, टेबलावरील भांडी न हलविता खालचे कापड झटक्यात ओढून काढण्याची करामत काही लोकांस एकदा आणि काहींस वीस वेळा दाखविण्यात आली. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपणांसही हे जमेल असा विश्वास बराच अधिक वाटला. ज्या कौशल्यांत पाहणाऱ्यांची प्रत्यक्ष परीक्षा घेण्यात आली, तेथे मात्र पुन्हा पुन्हा पाहण्याने विश्वास वाढला, हात सुधारला नाही. त्याच्याही आधी, १९८४ साली, गॅव्रिएल सालोमन यांनी दाखवून दिले होते की सहावीतील मुले दूरचित्रवाणीला सोपी आणि छापील मजकुराला कठीण मानतात, आणि सोप्या मानलेल्या माध्यमासमोर बुद्धीला कष्ट देण्याचे टाळतात. परिणामी त्यातून मिळवितातही कमी.

सर्वांत उद्बोधक दाखला सिडनी विद्यापीठातील डेरेक मुलर यांचा आहे. पदार्थविज्ञानाचे स्वच्छ, निर्दोष, मुद्देसूद विवेचन करणारा व्हिडिओ त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटास दाखविला, आणि विद्यार्थ्यांच्या मनांत नेहमी वसणाऱ्या चुकीच्या कल्पना संवादरूपाने मांडून त्यांचे खंडन करणारा व्हिडिओ दुसऱ्या गटास. पहिल्या गटाने व्हिडिओची तोंड भरून स्तुती केली, पण परीक्षेत फारसे काही कमावले नाही; आपल्या जुन्याच समजुतींना व्हिडिओने दुजोरा दिला असे मानून तो गट अधिक निश्चिंत मात्र झाला. दुसऱ्या गटाला व्हिडिओ गोंधळात टाकणारा वाटला, आणि गुण त्याच गटाचे वाढले. विद्यार्थ्याच्या पसंतीवरून, दर्शकसंख्येवरून किंवा आवडल्याच्या खुणेवरून पाठाची पारख करणाऱ्यांनी २००८ सालचा हा प्रबंध टेबलावर ठेवावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आता एक उदाहरण जवळून पाहू. सातवीच्या गणितात वर्गविस्ताराचे सूत्र येते. व्हिडिओत एक चौरस काढलेला असतो. त्याची बाजू (क + ३). त्याचे चार भाग पाडून, वेगवेगळे रंग भरून, क² + ६क + ९ हे उत्तर सिद्ध केलेले असते. मुलीने तो पाहिला, मान डोलाविली, आणि वहीत (क + ३)² = क² + ९ असे लिहिले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही चूक रंगीत चौरसाने हटत नाही, कारण मुलीच्या डोक्यात वर्ग ही क्रिया बेरजेच्या दोन्ही पदांना समान वाटून देण्याची वस्तू असते आणि चौरस पाहताना ही समजूत कोठेच अडखळत नाही. या उत्तरावर तीन प्रकारचे शेरे संभवतात. "चूक. व्हिडिओ पुन्हा पाहा", हा पहिला, त्याने मुलगी तोच व्हिडिओ तितक्याच समाधानाने पुन्हा पाहते. "बरोबर उत्तर : क² + ६क + ९", हा दुसरा, तो ती उतरवून घेते, आणि पुढच्या उदाहरणात ५ आला की २५ लिहून मोकळी होते. तिसरा शेरा असा : "क च्या जागी २ घाल आणि दोन्ही बाजू काढ." डावीकडे पाचाचा वर्ग पंचवीस येतो, उजवीकडे चार आणि नऊ मिळून तेरा. "मग बारा कोठे गेले? चौरसात शोध." आता ती चौरसाकडे परत जाते ती हरवलेला जिन्नस शोधण्यास, आणि दोन गुणिले तीनचे दोन आयत, प्रत्येकी सहाचे, तिला सापडतात. व्हिडिओ तोच, चौरसही तोच. तो पाहण्याचे प्रयोजन मात्र शेऱ्याने निर्माण केले. या पुस्तिकेचा सारा पसारा या तिसऱ्या शेऱ्याभोवती आहे, आणि तसा शेरा लिहिणाऱ्यास उत्तरातील चूक ओळखता येऊन भागत नाही, त्या चुकीमागील विचार ओळखावा लागतो, हे तिच्या लेखकांनी फार चांगले जाणले आहे.

आपल्या देशात पडद्यावरून शिकविण्याचा उद्योग काही आजचा नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे जे कार्यक्रम पोहोचविण्यात आले, त्यांतील सकाळचा वेळ शाळेतील मुलांसाठी राखून ठेवलेला होता. हिंदी, कन्नड, ओडिया आणि तेलुगु या भाषांत ते पाठ होत. महाराष्ट्र त्यांत नव्हता, परंतु 'साइट' या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाची कार्यक्रम-व्यवस्था एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होती, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर असे काही पूर्वी झाले नव्हते. तरीही सरकारी दफ्तरातील आवक-जावकीच्या भाषेत बोलावयाचे तर त्या प्रयोगाची जावक-नोंदवही भरगच्च होती आणि आवक-नोंदवही जवळजवळ कोरी. पाठ आकाशातून खेड्यात उतरत असे, पण पटावरील कोणत्या मुलाला त्यातले काय उमगले नाही, याची पोहोच आकाशमार्गे परत जाण्याची तजवीज नव्हती. संशोधक खेड्यांत जाऊन राहिले, त्यांनी पुष्कळ टिपणे केली, व ती मोलाचीही आहेत. पण ती प्रयोगकर्त्यांच्या उपयोगाची. त्या सकाळी गोंधळलेल्या मुलाला त्यांचा काय उपयोग?

पुढील इतिहास म्हणजे ही आवक-नोंदवही उघडण्याचे एकामागून एक झालेले, आणि बहुतांशी अर्धवट राहिलेले प्रयत्न होत. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात प्रेक्षकांस विचारून कार्यक्रम घडविण्याची रीत पडली. १९८४ च्या ऑगस्टात विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्गपाठ सुरू झाले, आणि त्याच वर्षी पुण्यास स्थापन झालेल्या 'बालचित्रवाणी'ने मराठी मुलांसाठी कार्यक्रम निर्माण करण्यास आरंभ केला. २०१७ साली ती संस्था बंद करण्यात आली, व तिच्याबरोबर मराठीतून मुलांसाठी दृश्य पाठ रचण्याचे तीन दशकांचे कसब विखुरले, याबद्दल जितकी हळहळ व्हावयास हवी होती तितकी झाली नाही. नव्वदीच्या दशकात मध्यप्रदेशातील झाबुआ येथे चित्र एका दिशेने आणि आवाज दोन्ही दिशांनी नेणारी व्यवस्था उभी राहून ग्रामस्थांना प्रश्न विचारता येऊ लागले. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला 'एज्युसॅट' हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह. त्याच्या जाळ्यातील काही केंद्रांवरून विद्यार्थ्यास दूरच्या अध्यापकाशी बोलता येत असे. पण दूरच्या अध्यापकाशी बोलावयास शंभर केंद्रांतून एखादाच विद्यार्थी उठतो, आणि जो उठतो तो बहुधा ज्याला समजलेले असते तोच असतो. प्रश्न विचारण्याची मुभा देणे आणि प्रत्येकाच्या उत्तराकडे पाहणे, या दोन गोष्टींतील अंतर तंत्राने मिटले नाही.

ते अंतर किती मोठे आहे हे २०२० सालच्या टाळेबंदीने घरोघर दाखवून दिले. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' या नावाने राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मोहीम काढली. 'दीक्षा' या शासकीय मंचावरील व्हिडिओंचे दुवे 'अभ्यासमाले'तून रोजच्या रोज पालकांच्या फोनवर रवाना होऊ लागले. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागू लागली आणि मोठ्या वर्गांसाठी 'ज्ञानगंगा' वाहू लागली. 'टिलीमिली'च्या कर्त्यांचे मला विशेष कौतुक वाटते, कारण घरातील मोठ्या माणसांना सोबत घेऊन, घरातल्याच वस्तूंनी करावयाच्या कृतींवर त्यांनी भर दिला, आणि जेथे कृती आहे तेथे चूक होते, व चूक झाली की घरातील कोणी ना कोणी "असं नाही, असं" म्हणतेच. बाकी बहुतेक सारे जावकीचेच काम होते. गुरुजी दुवा पाठवीत, पालक अंगठ्याची खूण पाठवीत, आणि त्या अंगठ्याची नोंद 'विद्यार्थी ऑनलाइन शिक्षणात सहभागी' अशी अहवालात होई.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात परिषदेने 'स्वाध्याय' नावाचा उपक्रम व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू केला, आणि माझ्या मते महाराष्ट्रातील या विषयाच्या इतिहासात ती तारीख महत्त्वाची आहे. पहिली ते दहावीच्या मुलांना आठवड्यागणिक थोडे बहुपर्यायी प्रश्न यावेत, त्यांनी फोनवरच उत्तरे द्यावीत, निकाल लगेच हाती यावा, आणि जो भाग कच्चा निघाला त्यावरील व्हिडिओचा दुवा त्यापाठोपाठ मिळावा, अशी त्याची मांडणी होती. प्रश्न आधी, व्हिडिओ नंतर! दोन्ही वस्तू जुन्याच, पण हा क्रमबदल लहान नव्हे; चुकलेल्या मुलाला व्हिडिओ पाहण्याचे कारण मिळाले. उणीवही उघड होती. चार पर्यायांतून निवडलेले उत्तर मूल कोठे चुकले ते सांगते, कसे चुकले ते सांगत नाही; वर दिलेले वर्गविस्ताराचे उदाहरण असे विचारले, तर क² + ९ हा पर्याय निवडणारी मुलगी विचार करून चुकली की डोळे मिटून बोट ठेवून चुकली, हे यंत्राला उमजण्याचा मार्ग नाही. तथापि, ज्या राज्यात आवक-नोंदवहीचे पान वर्षानुवर्षे कोरे राहिले होते, तेथे त्यावर पहिली ओळ उमटली.

शेरा दिला की शिकणे सुधारलेच, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली या विषयावरील जुन्या प्रयोगांचा जो समग्र आढावा घेतला, त्यात सहाशेहून अधिक परिणामांची रुजवात घालून असे आढळले की सरासरीने शेरा उपकारक ठरतो हे खरे, परंतु एकतृतीयांशाहून अधिक प्रसंगी त्याने कामगिरी खालावते. शेऱ्याने लक्ष कामावरून उडवून स्वतःच्या योग्यतेवर नेले की बिघाड सुरू होतो, असे त्यांचे निदान आहे. "हुशार आहेस" आणि "तुला गणित जमत नाही" हे दोन्ही शेरे, वरवर परस्परविरुद्ध असले तरी, एकाच खोडीचे. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासातील निष्कर्ष तर आपल्याकडील पालकसभेत वाचून दाखवावा असा आहे : ज्या मुलांना नुसत्या सूचना मिळाल्या त्यांचे काम सुधारले, ज्यांना नुसते गुण मिळाले त्यांचे सुधारले नाही, आणि ज्यांना गुण व सूचना दोन्ही मिळाल्या त्यांनी गुण पाहून सूचनेकडे पाठ फिरविली. दहापैकी सात हा आकडा दिसल्यावर खालची तांबड्या शाईतील ओळ कोण वाचतो?

व्हिडिओच्या संदर्भात आणखी एक गोष्ट अगत्याने ध्यानी घ्यावी लागते. बँगर्ट-ड्राउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखविले, की उत्तर स्वतः शोधण्यापूर्वीच जर बरोबर उत्तर डोकावून पाहता येत असेल, तर शेऱ्याचा गुण बहुतांशी नाहीसा होतो. आपल्या शिकवणीच्या व्हिडिओंची रचना आठवून पाहावी : "आता हे उदाहरण तुम्ही सोडवा" असे म्हणून सर दोन श्वास थांबतात आणि स्वतःच सोडवू लागतात. विद्यार्थ्याने व्हिडिओ थांबवावा अशी त्यांची भाबडी अपेक्षा असते. विद्यार्थी तर तो दीडपट वेगाने पळवीत असतो. पुस्तिकेच्या लेखकांनी यावर सुचविलेला उपाय साधा आहे. उत्तर व्हिडिओत ठेवूच नये. ते प्रश्नाला बांधावे, आणि वहीतील उत्तराचा फोटो किंवा निदान लिहिलेला आकडा आल्याशिवाय सोडू नये. हे कडक वाटेल, पण न्याय्य आहे. नुसते 'बरोबर' किंवा 'चूक' सांगण्यानेही भागत नाही. अपरिचित भाषेतील शब्द शिकविण्याच्या प्रयोगात हॅरोल्ड पॅशलर यांना २००५ साली आढळले, की चुकीच्या उत्तरानंतर खरे उत्तर सांगितल्यास स्मरणात प्रचंड वाढ होते, 'चूक' एवढेच सांगितल्यास जवळजवळ काहीच होत नाही. पण तो शब्दार्थांचा प्रांत. गणितात खरे उत्तर पुरवूनही काय उरते ते आपण वर पाहिलेच आहे.

प्रश्न विचारण्याचा गुण आणि शेऱ्याचा गुण यांची सरमिसळ होऊ देता कामा नये, कारण पहिला काही अंशी दुसऱ्याविनाही लाभतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना चित्रपट्टीवरून सांकेतिक वर्णमाला शिकविताना, नुसते पाहणाऱ्यांपेक्षा मध्येच उत्तर पुकारावयास लावलेले सैनिक ती अधिक शिकले, ही नोंद कार्ल हॉवलंड व सहकाऱ्यांच्या १९४९ च्या ग्रंथात आहे. कार्ल स्पुनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली सुमारे एकवीस मिनिटांच्या संख्याशास्त्राच्या व्हिडिओचे चार तुकडे करून प्रत्येक तुकड्यानंतर लहानशी चाचणी ठेवली, तेव्हा पाहणाऱ्यांचे मन भटकणे निम्म्याने घटले आणि टिपणे घेणे वाढले. प्रश्न मुलाला जागे ठेवतो. शेरा त्याला वळण लावतो.

शेरा वारंवार द्यावा की राखून ठेवावा, याविषयी लेखकांत मतभेद झाल्याचे पुस्तिकेत प्रामाणिकपणे नमूद केले आहे, आणि तो मतभेद मिटविण्याचा अट्टाहास कोणी केला नाही हे उत्तमच झाले. शरीरकौशल्यांच्या शिक्षणात, प्रत्येक प्रयत्नानंतर मार्गदर्शन मिळत गेले तर सरावापुरती प्रगती दिसते, पण मार्गदर्शन काढून घेताच ती ओसरते, असे १९८४ साली सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी मांडले होते, गणितातही "सर, हे बरोबर आहे का?" असे दर ओळीला विचारणारा विद्यार्थी आपल्या परिचयाचा आहे. माझे स्वतःचे मत असे, की नवशिक्यास त्वरित आणि सरावलेल्यास विलंबाने शेरा द्यावा, आणि त्याआधी दोघांनाही "तुला आपल्या उत्तराची कितपत खात्री आहे?" हे विचारावे. कारण बटरफील्ड आणि मेटकाफ यांच्या २००१ च्या प्रयोगात एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न झाली आहे : पूर्ण खात्रीने केलेली चूक, ती दाखवून दिल्यावर, डळमळीत चुकीपेक्षा अधिक सहजतेने सुधारते. ठाम चुकणाऱ्या मुलावर रागावण्याची आपली पद्धत या दृष्टीने अगदीच अव्यवहारी ठरते.

या विषयाचे मूळ आपल्याकडे शोधावयाचेच असेल तर ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत शोधावे. त्यांना प्रेरणा देणाऱ्या मारिया मॉंटेसरींच्या पद्धतीतील दट्ट्यांच्या ठोकळ्यात चुकीच्या खाचेत दट्ट्या बसविला की शेवटी एक दट्ट्या उरतोच. तेथे बाई काही बोलत नाहीत, लाकूडच शेरा देते, आणि त्या शेऱ्यात अपमान नसतो. पाचाच्या वर्गातून तेरा वजा करून उरलेले बारा दाखविणारा शेरा त्याच जातीचा आहे. आज बुद्धिमान म्हणविणारी यंत्रे मुलाने लिहिलेल्या उत्तरावर क्षणार्धात चार ओळी लिहून देतात. त्यांना मी त्याज्य मानीत नाही, पण त्यांची परीक्षा याच कसोटीवर व्हावी असे सुचवितो. यंत्राने उत्तर सांगून टाकले, की मुलाला त्याचे उरलेले बारा सापडू दिले?

उरतो तो वेळेचा प्रश्न, आणि येथे मी शिक्षकांच्या बाजूने वकीलपत्र घेतो. साठ मुलांचा एक असे पाच वर्ग ज्याच्या माथी आहेत, त्याने तीनशे वह्यांवर तिसऱ्या प्रकारचा शेरा लिहावा असे सांगणे म्हणजे फर्मान काढणे होय, उपाय सुचविणे नव्हे; त्यातून जनगणना, निवडणूक आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतून जो वेळ उरेल तोच त्याचा. पुस्तिकेतील मला सर्वाधिक आवडलेले प्रकरण याच अडचणीवरचे आहे. चुकीची उत्तरे मोजावयास घेतली म्हणजे ती साठ प्रकारची नसतात, तीन-चारच ढिगांत पडतात, असा त्या शिक्षकांचा अनुभव आहे. म्हणून संध्याकाळी आलेले वह्यांचे फोटो न तपासता आधी नुसते वाटावेत, प्रत्येक ढिगासाठी एकच शेरा विचारपूर्वक लिहावा, आणि सर्वांत मोठ्या ढिगासाठी दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांचा दुसरा व्हिडिओ, हातात खडू घेऊन, मोबाइल डब्याला टेकवून, स्वतःच काढावा. त्या व्हिडिओत संपादन नसते, मागे कूलरचा घों-घों आवाज असतो, आणि सुरुवातच "काल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी क² + ९ लिहिलं" अशी असते. मूळ व्हिडिओ देखणा होता व तो कोणाचाही होता. हा त्या वर्गाचा असतो, आणि मुले तो शेवटपर्यंत पाहतात असे लेखक सांगतात. इतक्या लहान अनुभवावरून सिद्धांत काढू नये हे त्यांनीच बजावले आहे, म्हणून मीही तो काढीत नाही. परंतु शेरा विद्यार्थ्याला मिळतो तसाच तो व्हिडिओ करणाऱ्यालाही मिळावा, आणि पुढचा पाठ त्यावरून बदलावा, ही गोष्ट मोठमोठ्या मंचांवरील हजारो व्हिडिओंच्या बाबतीत अद्यापि का होत नाही, हे विचारण्याचा अधिकार त्या दोन मिनिटांनी मिळवून दिला आहे.

घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, अशा मुलांचा विचार पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात आहे, पण तो त्रोटक आहे. त्या मुलांसाठी शाळेतच, मधल्या सुट्टीनंतर, एका फोनवर सहा जणांनी व्हिडिओ पाहून एकमेकांच्या वह्या तपासण्याची योजना लेखकांनी करून पाहिली आहे, शिक्षकाच्या शेऱ्यापेक्षा शेजारच्या बाकावरील मैत्रिणीचा "अगं, मधलं पद कुठंय?" हा शेरा कित्येकदा अधिक लागू पडतो, असे त्यातील एका बाईंनी लिहिले आहे. पुढील आवृत्तीत हे प्रकरण विस्ताराने यावे, अशी त्यांना विनंती करून ही पृष्ठे वाचकांच्या स्वाधीन करतो.

सीताबर्डी, नागपूर